थांबण्याचे मोल

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हानच्या तीरी मौदा लागते. येथील लहान शेतकऱ्याची खरिपातली सारी भिस्त धानावर. २०२५–२६ साठी सरकारने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलास २३६९ रुपये ठरविला. पण तो पदरात पडण्यास धानाचा ओलावा शेकडा १७ च्या आत हवा, मापाची पाळी यावी लागते आणि चुकाऱ्याची वाट पाहावी लागते. कापणीची मजुरी व खताची उधारी मात्र थांबत नाही. म्हणून कित्येकजण खळ्यावरच पडत्या भावाने धान देऊन मोकळे होतात.

सौदा उभयतांच्या राजीखुशीचा, मग त्यात अन्याय कोठला, असे कोणी विचारील. व्यापारी लबाडच असतो असेही नव्हे. गुदाम, वाहतूक, जोखीम ही त्याची. परंतु ज्यास ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘होय’ला संमती म्हणावे काय? एक पक्ष थांबू शकतो, दुसरा शकत नाही. पडता भाव या भेदातूनच निपजतो.

तेव्हा केवळ भाव जाहीर केल्याने न्याय पुरा होत नाही. बाजार समित्यांतून १९९०–९१ पासून चालत आलेली शेतमाल-तारण योजना म्हणूनच मोलाची: धान गुदामात, गरजेपुरता पैसा हाती. ही दया नव्हे. मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येण्याचा हक्क होय.