भीमेच्या वतीने 'पुरे' कोण म्हणणार?

कंपनी ही कायद्याने व्यक्ती आहे आणि देवही कायद्याने व्यक्ती आहे. कंपनी भागधारकांहून वेगळी असते, हे १८९६ साली इंग्लंडमधल्या सॉलोमन खटल्यात पक्के झाले. मूर्तीच्या नावाने न्यायालयात दाद मागता येते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक खटल्यात मान्य केले. राजगुरुनगरवरून वाहणारी भीमा मात्र यांपैकी कशातच बसत नाही. ती भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगापाशी उगम पावते, पुराणकथेप्रमाणे त्रिपुरासुराशी लढून थकलेल्या शंकराच्या घामातून. पुढे पंढरपुरात तिची चंद्रभागा होते आणि तिच्या वाळवंटात वारकरी कीर्तनाला उभे राहतात. पण त्या वाळवंटातली वाळू सरकारदप्तरी फक्त गौण खनिज आहे, ब्रासने मोजायची आणि स्वामित्वधन भरून उचलायची. ज्या नदीला आपण आई म्हणतो, तिला स्वतःच्या तळावर हक्क नाही. वाळूच्या धंद्याकडे धर्माच्या नजरेने पाहायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते. माझे म्हणणे असे, की वाळू काढणे हे पाप नव्हे. अधर्म आहे तो 'पुरे' म्हणू न शकणाऱ्याच्या हाती नदी देण्यात.

वाळूची कंपनी कशी वाढते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बेल्जियममधले आहे. काचेसाठी लागणारी पांढरी सिलिका वाळू काढायला १८७२ साली सिबेल्को सुरू झाली. काचेखेरीज ओतकामाचे साचे, चिनी माती, रंग आणि तेलविहिरी असा तिचा पसारा वाढत गेला. तिची अमेरिकेतली शाखा युनिमिन २०१८ साली दुसऱ्या एका कंपनीशी एकत्र येऊन कोव्हिया झाली. खडक फोडून तेल काढण्याच्या धंद्याला लागणाऱ्या वाळूवर तिने मोठी भिस्त ठेवली होती. मागणी कोसळली आणि जून २०२० मध्ये कोव्हिया दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली. या वाढीला आवर घालणारे काही तिच्या आत नव्हते. आवर घातला तो बाजाराने. आपल्याकडे कंपनीच्या जागी ठेकेदार असतो, पण चाल तीच. घमेले आणि बैलगाडी जाऊन ट्रक आला, मग पोकलेन, डंपर आणि पाण्याखालून वाळू ओढणाऱ्या सक्शन पंपाच्या बोटी. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा जसा वाढला तशी शेड, रस्ते आणि इमारतींची भूकही वाढली. जैन परंपरेत गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत आहे: किती ठेवायचे याची मर्यादा आपणच आधी ठरवायची. माणूस थकतो, म्हातारा होतो, कधी लाजतो. म्हणून त्याला असे व्रत घेता येते. जी संस्था मरत नाही आणि जिचे यश वाढीवरच मोजले जाते, तिच्याकडून या व्रताची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की पावसाळा दरवर्षी वाळू आणतोच; हे पीक आहे, कापले तर बिघडले काय? युक्तिवाद ताकदीचा आहे, आणि धरणे नसती तर बराचसा खराही ठरला असता. पण राजगुरुनगरच्या वरच चासकमान धरण आहे. डोंगरातून येणारा गाळ आणि वाळू जलाशयात अडते, खाली पाणी सुटते ते बऱ्याच अंशी रिकाम्या हाताने. पिकाचे उत्पन्न न मोजता केलेली कापणी ही मुद्दलाला हात घालणेच होय. दुसरा आक्षेप घरांचा आणि रोजगाराचा. तो मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच दगड भरडून केलेली क्रश सँड बरी वाटते. तिच्यासाठी डोंगर फुटतो, हे मोशीच्या दगडखाणी पाहणाऱ्याला सांगायला नको; तरी खाणीचा खड्डा डोळ्यांसमोर असतो, नदीचा खड्डा पाण्याखाली लपतो आणि काठच्या विहिरींची पातळी खाली नेतो.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवले आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. उद्या पुरात कोणाचे घर वाहून गेले, तर भरपाई नदीकडून मागायची का, अशी अडचण पुढे आली होती. पण देवाच्या बाबतीत हा पेच आपण केव्हाच सोडवला आहे. देव बोलत नाही, म्हणून विश्वस्त बोलतो, हिशेब देतो आणि चुकला तर बदलला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीची अट घातली. पण मंजुरीच्या कागदावर नदीच्या बाजूने सही करणारे कोणी नसते. देवस्थानाला विश्वस्त नेमणारा समाज भीमेला नेमत नाही, तोवर तिची आरती अर्धीच. भीमाकाठच्या गावांनी एवढे तरी करावे: वाळूघाटाचा विषय ग्रामसभेपुढे आला, की ब्रासचा आकडा ठरवण्याआधी गेल्या पावसाळ्यात नदीने किती वाळू आणली याचे मोजमाप मागावे, आणि ते मिळाले नाही तर ठराव नामंजूर करावा.