पायाखालचा शेजार
अंगणाचे घर सोडून सदनिकेत राहावयास आलेल्या मनुष्यास प्रथम उंबरठ्याबाहेरील जगच हरवल्यासारखे वाटते. परंतु १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने हवा, उजेड आणि रुंद रस्ते यांची तजवीज करून आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीसारख्या वस्तीत तो सकाळी पिशवी घेऊन खाली उतरला, की भाजी, वाणसामान, दवाखाना, शाळा आणि रेल्वेस्थानक ही सारी पायांच्या टप्प्यात असल्याचा प्रत्यय त्यास येतो. घराचा दस्तऐवज कचेरीत नोंदला जातो खरा; परंतु कोपऱ्यावरची भाजीवाली न मागता कढीलिंबाची काडी पिशवीत टाकून "आज उशीर केलात" असे म्हणते, तेव्हाच रहिवास सिद्ध होतो. श्रोतेहो, नव्या वस्तीत गेल्यावर निदान पहिला महिना वाहनास रजा द्यावी आणि पायी हिंडावे.