सुतकातला पगार

घरात मृत्यू झाला की आधी फोन जातात नातेवाइकांना आणि त्यांच्यामागोमाग सुपरवायझरला. "आई गेली, आज येत नाही." सुपरवायझर बहुतेक वेळा भला असतो, सावकाश ये म्हणतो. पण ते दिवस हजेरीपत्रकात काय म्हणून लागतात आणि महिनाअखेरीला पगारातून किती कापले जाते, हे त्याच्या भलेपणावर ठरत नाही. ते कागदावर ठरते, आणि आपल्याकडे तो कागद बराचसा कोरा आहे.

खासगी उद्योगातल्या कामगाराला जवळचे माणूस गेल्यावर पगारी रजा द्यावी, असे सांगणारा देशव्यापी कायदा भारतात नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात वर्षाला 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा मिळे. मात्र तिचा अर्ज निदान 15 दिवस आधी करायचा. आजारपणासाठी ही मुदत सोडलेली होती, मृत्यूसाठी नव्हती. हे वाचताना मला आजही राग येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी 240 चे 180 दिवस केले, ते चांगलेच झाले. शोकासाठी वेगळी रजा मात्र त्यांतही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत. मुलाचा ताप, घराचे कागदपत्र आणि वडिलांचा दहावा, सगळे त्या आठांतच बसवायचे.

म्हणून युनियनच्या कराराला महत्त्व येते. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सभासद नसलेल्या कामगारांनाही आणि पुढे भरती होणाऱ्यांनाही लागू होतो, हे तत्त्व 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने रुजवले. साहेबाच्या मर्जीवर मिळणारे दिवस एकदा करारात आले की साहेब बदलला तरी टिकतात. 8 मार्च 2024 रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात बारावा द्विपक्षीय करार झाला. बातम्या झाल्या 17 टक्के वेतनवाढीच्या. त्याच करारात शोकरजेची तरतूद होती, तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. पती किंवा पत्नी, मुले, आईवडील आणि सासूसासरे यांच्या निधनानंतर ही रजा आहे. सासूसासऱ्यांचा समावेश मला मोलाचा वाटतो. घरातले दिवसकार्य जिच्या अंगावर पडते, त्या सुनेला तो थेट उपयोगी आहे.

पण या यादीत भाऊ नाही, बहीण नाही. खरी वाटाघाट इथेच व्हायला हवी. दिवस तीन की पाच यावर तासन् तास घालवले जातात आणि कुटुंब म्हणजे कोण, हे मात्र जुन्या करारातून जसेच्या तसे उतरवले जाते. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कितीतरी माणसांना आजीने किंवा चुलत्याने वाढवले होते. गावाहून तार आली की निघावेच लागे, कारण खांदा द्यायला दुसरे कोणी नसे. आज तार नाही, घरांची रचना मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच आहे. ज्याने सांभाळले, त्याच्यासाठी रजा का नसावी?

कॅनडात केंद्रीय कायद्याखाली येणाऱ्या उद्योगांत शोकरजा साधारणपणे 10 दिवसांची आहे. त्यातले पहिले तीन दिवस पगारी, आणि तेही नोकरीला तीन महिने झाले असतील तरच. म्हणजे तिथेही रजेचा हक्क आणि पगाराचा हक्क सारखे नाहीत. मात्र ती रजा दोन भागांत घेता येते आणि अंत्यविधीनंतर सहा आठवड्यांपर्यंत वापरता येते. आपल्याकडे हे कलम जसेच्या तसे उचलावे. अग्नी दिला, कामावर परतला, पुन्हा दहाव्या-तेराव्याला गावी गेला, असाच आपला क्रम असतो.

पगाराच्या बाजूने आणखी एक खाच आहे. रजा पगारी असली तरी हजेरी बोनस कापला जातो, उत्पादनाशी जोडलेला भत्ता बुडतो. हातात येणाऱ्या रकमेत हे भत्ते मोठे असतील तर 'पगारी रजा' नावापुरतीच उरते. मागणीपत्रात "या दिवसांमुळे कोणताही भत्ता कमी होणार नाही" हे वाक्य स्वतंत्रपणे असायला हवे. मृत्यूचा दाखला परतल्यावर देण्याची मुभाही लिहून घ्यावी. त्या दिवशी कुणी दाखल्याच्या रांगेत उभे राहू नये.

आणि कंत्राटी कामगार? एकाच लाइनवर शेजारी उभ्या दोघांचे वडील गेले, तर कायम कामगाराला करारातली रजा मिळते आणि दुसऱ्याचे खाडे मांडले जातात, कारण त्याचा मालक कागदावर वेगळा असतो. युनियनने 'तो आपला सभासद नाही' म्हणून हात झटकणे मला पटत नाही. कंत्राट देताना कंपनी निविदेत सुरक्षेच्या, गणवेशाच्या अटी घालते. त्यांतच शोकरजेची अटही घालता येते, आणि ती घालायला लावण्याची ताकद आज त्या आवारात फक्त कायम कामगारांच्या युनियनकडे आहे.