ऑर्गनच्या वर्गातली उपज

७ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी पॅरिसचं नोत्र दाम साडेपाच वर्षांनी उघडलं. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्याचं छप्पर गेलं, मनोरा गेला, पण जवळजवळ आठ हजार नळ्यांचा मोठा ऑर्गन वाचला. शिशाच्या धुळीने मात्र तो माखला होता. नळ्या उतरवून, साफ करून, पुन्हा चढवून, सुरात आणावा लागला. समारंभात आर्चबिशपांनी त्या ऑर्गनलाच हाक घातली, जागा हो म्हणून. आठ वेळा हाक दिली आणि आठही वेळा ऑर्गनने उत्तर दिलं. ती उत्तरं कुणा संगीतकाराने आधी लिहून ठेवलेली नव्हती. वादकांनी ती तिथल्या तिथे रचली, देशोदेशीचे प्रमुख खाली बसलेले असताना, थेट प्रक्षेपणात.

ते बघताना मला माझंच एक वाक्य टोचलं. त्यांचं संगीत कागदावरचं, आपलं उपजेचं. बैठक संपल्यावर चहा पिताना हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याला गणती नाही, आणि समोरच्यानेही दर वेळी मान डोलावली आहे. वाक्य अगदीच खोटं नाही. सिंफनी वाजवणारा व्हायोलिनवादक स्वतःच्या मनाने दोन सूर जादा घालत नाही. पण पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीतला ऑर्गनचा वर्ग काही केल्या या वाक्यात बसत नाही.

आधी वाद्याविषयी. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तो आणि आपली पेटी ही एकाच घरातली भावंडं. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. (हार्मोनियमचं पेटंटही पॅरिसचंच, अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये घेतलेलं. आपण पेटीला परकी म्हणून बोल लावत आलो, पण नेमकी कुठली परकी, हे फारसं कुणी विचारत नाही.) पाइप ऑर्गनमध्ये बहुतेक आवाज नळ्यांचा, आणि एक नळी आयुष्यभर एकच सूर देते. म्हणून नळ्या हजारांनी लागतात. मोठ्या ऑर्गनची सगळ्यात लांब नळी ३२ फुटांची, म्हणजे तीन मजली घराएवढी. सगळ्यात छोटी पेन्सिलीपेक्षाही आखूड. हातांसाठी पट्ट्यांच्या तीन, चार, कधी पाच ओळी एकावर एक. पायांसाठी तीसएक लांब लाकडी पट्ट्या, त्यांवर खर्जाचा भाग वाजतो. पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चर्चमध्ये आरिस्तिद कावाये-कोल यांनी १८६२ मध्ये पुरा केलेला ऑर्गन १०० स्टॉपचा होता, म्हणजे शंभर वेगवेगळे आवाज, आणि कोणते एकत्र करायचे हे वादकाने ठरवायचं.

हे वाद्य विद्यार्थी घरी नेऊ शकत नाही. सतारिया सतार कुशीत घेऊन झोपू शकतो. ऑर्गनचा विद्यार्थी मात्र जन्मभर दुसऱ्याच्या दारात रियाज करतो. कुणाची तरी परवानगी, कुणाकडची तरी किल्ली, हिवाळ्यात गारठलेलं रिकामं चर्च. एकोणिसाव्या शतकात घरी सरावाला पायपट्ट्या जोडलेला पियानो वापरायचे. शिवाय दोन ऑर्गन सारखे नसतात. परवा पाठ केलेलं आज दुसरीकडे वाजवायचं तर आवाजांची जुळणी पहिल्यापासून करावी लागते. मोठ्या चर्चमध्ये बोट उचलल्यावरही सूर पाच-सहा सेकंद घुमत राहतो. घाईने वाजवलं तर मागचा आणि पुढचा सूर एकमेकांत कालवले जातात. तेव्हा इमारत सांगेल ती लय. पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, हे पेटीवाल्यांना सांगायला नको. सूर कधी धरला आणि कधी सोडला, एवढ्यावरच सगळी कलाकुसर.

आता वर्ग. कॉन्झर्व्हेटरीची स्थापना १७९५ ची. सेझार फ्रांक तिथे १८७२ पासून १८९० मध्ये मरेपर्यंत ऑर्गन शिकवत होते. त्या काळच्या परीक्षेचे चार भाग होते. दिलेल्या ग्रेगोरियन स्तोत्राला जागच्या जागी साथ करायची. दिलेल्या विषयावर फ्यूग रचत वाजवायची; फ्यूगमध्ये एकच छोटा विषय एकामागून एक आवाज उचलतो, आणि नवा आला म्हणून जुन्याने गप्प बसायचं नसतं. तिसरं, दिलेल्या सुरावटीवर मुक्त रचना करायची. आणि चौथं, पाठ केलेला एक तुकडा वाजवायचा. चारांतले तीन भाग उपजेचे! फ्रांक यांचे शिष्य लुई व्हिएर्न यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की आठवड्याच्या सहा तासांतले निदान पाच उत्स्फूर्त वादनात जायचे. आपल्याकडच्या कुठल्या संगीत महाविद्यालयात सहातले पाच तास विद्यार्थी स्वतः आलापी करत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पण उपजेची परीक्षा घेणार कशी? तालीम देता येते, धाक घालता येतो, गुण कसे द्यायचे? यावर या वर्गाच्याच इतिहासात एक सुंदर फजिती आहे. १८४१ मध्ये अठरा वर्षांचे फ्रांक स्वतः परीक्षेला बसले होते. फ्यूगसाठी दिलेला विषय आणि मुक्त वादनासाठी दिलेली सुरावट एकमेकांवर चपखल बसतात, हे त्यांच्या कानाने टिपलं. मग त्यांनी दोन्ही एकत्र गुंफून वाजवायला सुरुवात केली, आणि रंगात येऊन वाजवतच राहिले. परीक्षकांना काय चाललंय तेच कळेना. प्रश्न दोन विचारले होते आणि पोरगा दोहोंचं मिळून एकच उत्तर देत होता. शेवटी त्यांच्या गुरूंना परीक्षकांना समजावून सांगावं लागलं. बक्षीस मिळालं, पण दुसरं. उपज खरोखर घडली की परीक्षेचा तक्ता अपुरा पडतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही. गंमत म्हणजे एकतीस वर्षांनी हाच माणूस त्या वर्गाचा प्राध्यापक झाला, पण परीक्षेची पद्धत जवळपास तीच राहिली.

फ्रांक यांच्या वर्गात क्लोद दब्युसीही काही काळ येऊन गेले. फ्रांक सारखे 'स्वर बदला, स्वर बदला' म्हणत, म्हणजे दुसऱ्या षड्जावर जा. आणि दब्युसींनी एकदा विचारलं म्हणे, आहे तिथे मी सुखात आहे, कशाला जाऊ? गोष्ट खरी असो वा रचलेली, उपज शिकवणाऱ्याची अडचण ती नेमकी पकडते. गुरू सांगेल त्या वळणावर वळलं तर ती गुरूची उपज झाली. नाही वळलं तर शिकलास काय?

१८९० मध्ये शार्ल-मारी विदोर आले आणि वर्गात वादळ झालं. ब्रुसेल्सच्या लेमेन्स यांच्याकडे ते शिकलेले. बाख नीट वाजवता येत नाही आणि निघालेत उपज करायला, असा त्यांचा रोख. बोटं, पाय, जोडसूर, नेमका क्षण, आधी हे. फ्रांक यांच्या लाडक्या विद्यार्थ्यांना हे झोंबलं, पण पुढे त्याच शिस्तीतून व्हिएर्न १८९४ ला पहिलं बक्षीस घेऊन निघाले. (हे विदोर सँ-स्युल्पिसमध्ये १८७० साली तात्पुरते म्हणून लागले आणि कायमचा हुकूम न निघताच १९३३ पर्यंत, म्हणजे जवळपास चौसष्ट वर्षं, वाजवत राहिले.) नंतर मार्सेल द्युप्रे यांनी दोन्ही टोकं जुळवली. १९२० मध्ये त्यांनी बाखचं ऑर्गनचं सगळं संगीत दहा मैफलींत पाठ वाजवलं होतं, आणि उत्स्फूर्त वादनावर दोन खंडांचं पाठ्यपुस्तकही त्यांचंच. त्यात प्रतिभेच्या गप्पा नाहीत. साध्या सप्तकाला साथीचे सूर कसे लावायचे, इथपासून सुरुवात.

माझं मत विदोर यांच्या बाजूने झुकतं, पण अर्धंच. व्याकरण आधी हवं, खरं. पण नुसतं व्याकरण शिकवून उपज टिकली नसती. पियानो आणि व्हायोलिनचे विद्यार्थीही एके काळी उत्स्फूर्त वाजवत, ते थांबलं. ऑर्गनवर टिकलं याचं कारण वर्गाबाहेर आहे. प्रार्थना चालू असते, धर्मगुरूंची मिरवणूक किती वेळात वेदीपाशी पोचेल हे कुणालाच माहीत नसतं. वादक आरशातून पाहत असतो. चार मिनिटांचा छापील तुकडा तिथे कुचकामी, कारण हवी असतात कधी अडीच मिनिटं, कधी सहा. नुकतंच गायलं गेलेलं स्तोत्र उचलायचं, वाढवायचं आणि खाली खूण झाली की सुबक उतरायचं. उपज ही तिथे चैन नाही, नोकरी आहे.

कीर्तनातला पेटीवाला हे लगेच ओळखेल. बुवा कुठल्या स्वरात उठतील, कथेत कुठे थांबतील, अभंगाचं कुठलं चरण पुन्हा धरतील, काही ठरलेलं नसतं. मधली जागा त्यानेच भरायची. त्याला उपजेचा तास कुणी लावून दिलेला नसतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं. गाणं घराण्याच्या दाराबाहेर आलं, सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकता आलं, याचं मोल कमी करणारा कृतघ्न ठरेल. पण परीक्षेसोबत वही आली. मी स्वतः ज्या परीक्षेला बसलो तिथे आठ ताना वहीत लिहून पाठ केल्या होत्या. परीक्षक म्हणाले, आता एक तुमच्या मनाने घ्या. मी नववी घेतली नाही, तिसरीच पुन्हा घेतली. त्यांनी गुण दिले. तेव्हा मला तो त्यांचा चांगुलपणा वाटला होता.

तिकडे तरी सगळं आलबेल आहे असं नाही. ऑर्गनवादक शार्ल तूर्नमीर यांनी १९३० च्या सुमारास पाच उत्स्फूर्त वादनं ध्वनिमुद्रित केली. पुढे मोरिस द्युरूफ्ले यांनी ती ऐकून ऐकून कागदावर उतरवली आणि आता जगभरचे विद्यार्थी एकदाच घडून गेलेली ती वादनं सूरन्‌सूर पाठ करतात. आपण जुन्या तबकड्यांवरच्या ताना उचलतो, तसंच हे. मला यात वाईट काही दिसत नाही, फक्त त्याला उपज म्हणू नये.

या वर्गाचा एक विशेष सांगायलाच हवा. अंध किंवा जेमतेम दृष्टी असलेले विद्यार्थी इथे पिढ्यान्‌पिढ्या अव्वल आले. ब्रेल लिपी देणारे लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. व्हिएर्न यांना जन्मापासून अगदी कमी दिसे; आंद्रे मार्शाल आणि जाँ लांग्ले यांना दिसतच नव्हतं. शंभर स्टॉप, पाच ओळी, पायपट्ट्या, सगळा नकाशा हातापायांत. व्हिएर्न २ जून १९३७ ला नोत्र दाममध्ये, मैफल चालू असताना, ऑर्गनवरच गेले.

आणि द्युप्रे यांच्या वर्गात ऑलिव्हिए मेसियाँ आले. त्यापूर्वी त्यांनी ऑर्गनच्या पट्ट्या कधी जवळून पाहिल्याच नव्हत्या, असं द्युप्रे सांगत. १९२९ ला पहिलं बक्षीस, १९३१ पासून ला त्रिनिते चर्चमध्ये वादक, ते थेट १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत. लयीच्या शोधात असताना त्यांना कॉन्झर्व्हेटरीच्याच नावाने निघालेल्या एका विश्वकोशात भारतावरचा लेख मिळाला आणि त्यात १२० देशी तालांची यादी. ती यादी शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेब पाहणारा हा अधिकारी; त्याचे ताल सातशे वर्षांनी पॅरिसच्या ऑर्गनवर चढले. १९५१ च्या सुमारास लिहिलेल्या 'लिव्र दॉर्ग'चा पहिलाच भाग प्रतापशेखर, गजझंप आणि सारस या तीन तालांवर उभा आहे.

तो भाग वाजवायला घेणारा विद्यार्थी हे तीन ताल मोजायला शिकतो. देवगिरीपासून दीड तासाच्या अंतरावर मी चार वर्षं तबला शिकलो. ही तीन नावं मी पहिल्यांदा वाचली ती एका फ्रेंच रचनेच्या माहितीपत्रकात.