दप्तरी दाखल

मराठी माणसाला एखादी गोष्ट कायमची विसरायची असेल तर तो ती जपून ठेवतो. हे विधान मी चमत्कृतीच्या हौसेने करीत नाही. सरकारी नोकरीत ३८ वर्षे काढून करतो आहे. एखादा अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे काय झाले? शब्दाप्रमाणे पाहिले तर तो सुखरूप जागी पोचला. व्यवहारात पाहिले तर अर्जदाराने आता देवाचे नाव घ्यावे. 'बासनात गुंडाळणे' त्याच जातीचे. पोथीला कसर लागू नये म्हणून तिला गुंडाळायचे फडके ते बासन. पण एखादी योजना बासनात गुंडाळली म्हटल्यावर तिला कसर लागू नये एवढी चिंता कोणी वाहिल्याचे ऐकिवात नाही. परवा नातीने मला मोबाइलवर नातेवाइकांचा ग्रुप 'आर्काइव्ह' करायला शिकवले. म्हणजे सोडायचा नाही, वाचायचाही नाही. मी म्हटले, "अगं, हे तर आम्ही जन्मभर करत होतो. पगार घेऊन!"

दप्तर हा शब्द मोठा फिरस्ता. मूळ ग्रीक, अर्थ कातडे. फारसीतून आपल्याकडे आला. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणारा डिफ्थेरिया, म्हणजे आपला घटसर्प, याच घराण्यातला. तेव्हा दप्तराच्या दारात भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो यात नवल नाही. पोराच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि पुण्याला पेशव्यांचे हजारो रुमाल आहेत तेही दप्तरच. (रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. कागद बांधायचा चौकोनी कपडा, आणि बांधून झालेले गाठोडेही.) त्यातले वेचक कागद रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ४५ भागांत छापून काढले. पण ज्या कारकुनांनी ते लिहिले, त्यांनी काही ते सरदेसाईंसाठी लिहिले नव्हते. त्यांना संध्याकाळपर्यंत रोजकीर्द जुळवून घरी जायचे होते. उद्या कोणीतरी आपले हस्ताक्षर लावत बसेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. नाहीतर मोडी जरा सुवाच्य काढली असती.

'आर्काइव्ह' हाही ग्रीकच. राज्यकर्त्याच्या वाड्याला, जिथे कागद असत त्या जागेला, तो शब्द होता. कागद ज्याच्या घरी, सत्ता त्याची. आमच्या घरी हा वाडा म्हणजे दाराआडच्या खिळ्याला अडकवलेली एक तार. खाली लाकडी चकती, वर आकडा. वीजबिल, घरपट्टीची पावती, पोस्टकार्ड, आंतर्देशीय, आलेला प्रत्येक कागद अण्णा वाचत आणि त्याच्या पोटात तार खुपसत. तार भरली की सगळा ऐवज रुमालात बांधून ट्रंकेत. एकाच प्रकारच्या पत्राला तारेवर जागा नव्हती. कोणी गेल्याचे कार्ड आले की वाचून तिथल्या तिथे फाडायचे, घरात ठेवायचे नाही. लहानपणी मला तो खुळचटपणा वाटे. आता वाटते, काय ठेवायचे नाही याचा नियम ज्या घरात आहे, तेच घर काही ठेवायच्या लायकीचे.

सरकारलाही हे कळते. आमच्याकडे कागदांना वर्ण होते. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षे, 'क-१' दहा, 'क' पाच, आणि 'ड' बिचारा वर्षाचा धनी. मुदत सरली की फाडायचे. मात्र फाडलेल्या कागदांची यादी करायची, आणि ती यादी जपून ठेवायची! नव्याने लागलेले पोरगे या नियमाला हसायचे. चारदोन वर्षांनी हसणे बंद व्हायचे.

हे सगळे आठवायचे कारण आमची आत्या. वय ८८, कान तिखट, डोळे अधू. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, निवृत्त झाल्यापासून त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढतो आहे. निवृत्त माणसे एक तर मधुमेह काढतात नाहीतर कुलवृत्तांत. त्याने मला फोन केला : "मामांच्या ट्रंकेत आईची जुनी पत्रं असतील. सगळी दे, मी स्कॅन करतो." होती. तेरा. १९६४ सालची. त्या साली आत्या तीन वर्षांच्या पोराला घेऊन आमच्याकडे माहेरपणाला आली आणि ते माहेरपण आठ महिने चालले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आत्या का आली हे मुलांनी विचारायचे नव्हते आणि परत का गेली हे मोठ्यांनीही विचारले नाही. पत्रे त्याच्या आधीची, अण्णांना लिहिलेली.

दोन दिवसांनी आत्याचा फोन. "ती पत्रं त्याला देऊ नकोस. फाडून टाक."

आता ही पत्रे कोणाची? कायदा मोठा मजेशीर आहे. कागद ज्याला आला त्याचा, म्हणजे अण्णांचा आणि वारसाने माझा. त्यातला मजकूर छापायचा हक्क मात्र लिहिणारीचा. आणि ज्यांच्याविषयी तो मजकूर आहे त्या माणसाचे काय? आत्याचे यजमान जाऊन १५ वर्षे झाली. मी त्यांना ओळखत होतो ते सुपारी कातरत मुलांना कोडी घालणारे गृहस्थ म्हणून. १९६४ सालचे गृहस्थ कदाचित वेगळे असतील. ते येऊन आपली बाजू सांगू शकत नाहीत, आणि ज्या दोघांचे भांडण होते त्यांनी पुढे ४०-४५ वर्षे संसार करून ते आपापसात मिटवले. मिटलेल्या प्रकरणाची फाइल तिसऱ्याने उघडावी का? उघडणारा पोटचा मुलगा असला तरी?

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला, म्हातारी सांगते तर फाडा. पण माझा हात दप्तरवाल्याचा. जो तो असा फाडत सुटला तर घराघरातून शेवटी वीजबिले तेवढी उरतील. त्यातही बायकांचे कागद आधी जातात. जुन्या दप्तरांत बायका भेटतात त्या बहुतेक कोणाच्या तरी खर्चाच्या बाजूला, लुगडे अमुक रुपये, चोळखण तमुक. इथे एक बाई स्वतःच्या अक्षरात बोलत होती आणि ती स्वतःच तिला गप्प करायला सांगत होती. तरीही मला वाटते, मिटवायचा हक्क तिचाच. इतिहास मोठा असेल, पण तो तिच्या सासरी नांदायला गेला नव्हता.

मी रुमाल घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटले, "आत्या, तुझं तू फाड."

"आधी वाच की. मला कुठं दिसतंय."

एकेक वाचत गेलो. गुळाचा भाव, पोराचा खोकला, अण्णांनी धाडलेल्या पंधरा रुपयांची पोच, 'वहिनीस नमस्कार'. नवव्या पत्रात ते होते. चार ओळी. मी वाचता वाचता थांबलो. आत्या म्हणाली, "थांबलास तेच. दे इकडे." तिने ते चार तुकडे करून पदरात घेतले. बाकीची बारा बघून म्हणाली, "ही असू देत. गुळाला काय लाज!"

"आमच्या नियमाप्रमाणे फाडलेल्याची यादी करावी लागते," मी म्हटले.

"म्हणजे पत्र गेलं तरी पत्र होतं हे राहायचंच?"

"हो."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "राहू दे. काही नव्हतंच असंही कुणी म्हणायला नको." आणि बारांचे काय, तर 'ब' वर्गात टाक म्हणाली. ३० वर्षे म्हटल्यावर मात्र हसू लागली. "तोवर तो तरी असतोय का!" शेवटी, ती गेल्यावर त्याला द्यायची, असे ठरले. रुमालाची गाठ तिनेच मारली, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना मारतात तशी.

संध्याकाळी आतेभावाचा फोन आला, "काय, सापडली का पत्रं?"

"दप्तरी दाखल आहेत," मी म्हटले.

तोही सरकारी नोकरीतलाच. त्याने पुन्हा विचारले नाही.