गोळीने मिळालेली स्थिरता कोणाची?

काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक तरुण थांबला. नैराश्यासाठी तो डॉक्टरांनी दिलेली गोळी घेत होता. त्याने विचारले, "मौलाना, गोळी घेतली की मन स्थिर राहते. मग हा सब्र माझा, की गोळीचा?" मी घाईने म्हणालो, "जिक्र वाढव, गोळीची गरज उरणार नाही." त्याने गोळी एकाएकी बंद केली. आधी त्याची झोप गेली, मग त्याचे फजरला येणे थांबले. त्याच्या आईने मला बोलावले, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. माझे उत्तर चुकले होते. ते का चुकले, हे सांगणे आता माझ्यावर बंधनकारक आहे.

तवक्कुल म्हणजे साधनांचा त्याग नव्हे. उंट बांधावा की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडावा, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. उपचार करण्याचीही त्यांनी शिकवण दिली. शोकाकुल मनासाठी जवाच्या पिठाची पेज, तलबीना, हितकर असल्याचे त्यांनी सांगितले. दुःख ही इमानची उणीव असती, तर पुत्रवियोगाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे झाले नसते.

इ.स. ९३४ मध्ये निवर्तलेले विद्वान अबू झैद बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्याचा विचार एकाच ग्रंथात केला. ज्याचे कारण ठाऊक असते ते दुःख वेगळे आणि ज्याचे कारण सापडत नाही ते वेगळे, असा भेद त्यांनी केला. दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले.

आता त्या तरुणाचा प्रश्न. तापाने फणफणलेला माणूस बसून नमाज अदा करतो. औषधाने ताप उतरला की तो उभा राहतो. परंतु कियाम औषध करीत नाही, तो माणूसच करतो. त्याचप्रमाणे गोळी सब्र देत नाही, सब्र करण्याचे बळ परत देते. पुरेशी झोप, वेळेवर जेवण, रोजचे चालणे यांचेही तेच कार्य आहे. देहाचाही आपल्यावर हक्क आहे, हे रात्र रात्र इबादत करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषितांनीच समजावले होते. रमजानमध्येही औषध आपल्या मनाने सोडू नये. वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. रोजा झेपत नसेल, तर आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे.

तो तरुण पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ लागला आहे. परवा फजरला तो मागच्या सफमध्ये दिसला. मी त्याची माफी मागितली. आता असा प्रश्न घेऊन कोणी आला, तर मी प्रथम विचारतो, "औषध वेळेवर घेतोस ना?" मग आम्ही दोघे दुआसाठी हात उचलतो.