दोन मिनिटे थांबलेले शहर

निशिकांत कामत यांच्या ‘मुंबई मेरी जान’ (२००८) या हिंदी चित्रपटाच्या अखेरीस एक प्रसंग आहे. सदैव धावणारे शहर एकाएकी थांबते. वाहने उभी राहतात, माणसे जिथल्या तिथे स्तब्ध होतात, लोकलगाडीही थांबते. आणि त्या स्तब्धतेवर १९५६ सालच्या ‘सी.आय.डी.’ चित्रपटातील मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचे मुंबईवरचे जुने गाणे ऐकू येऊ लागते. मूळचे हे गाणे मिश्कील, या शहरातील जगण्याच्या कटकटींना हसत हसत नाव ठेवणारे. या प्रसंगात मात्र त्याचे शोकगीत होऊन जाते. कोणी भाषण करीत नाही, कोणी घोषणा देत नाही. ११ जुलै २००६ रोजी मृत्युमुखी पडलेल्यांसाठी शहर दोन मिनिटे मौन पाळते, एवढेच.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. त्या मंगळवारी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे अकरा मिनिटांच्या अवधीत सात बॉम्बस्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावे आपल्या वसईकडील वाचकांना पाठ आहेत. रोजच्या प्रवासात ती खिडकीतून मागे पडतात. १८० हून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. जखमींपैकी एक तरुण जवळजवळ नऊ वर्षे रुग्णशय्येवर काढून २०१५ साली गेला. त्या रात्री रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतील लोकांनी घरातल्या चादरींची झोळी करून जखमींना रुग्णालयात पोहोचविले होते, हेही विसरता येत नाही. आठवड्यानंतर, १८ जुलैच्या संध्याकाळी, मुंबईने खरोखरच दोन मिनिटे स्तब्धता पाळली. कामत यांनी प्रसंग कल्पनेतून निर्माण केला नाही. जे घडले होते त्याकडे त्यांनी आपल्याला पुन्हा पाहावयास लावले.

मला या प्रसंगात विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती अशी. अशा प्रत्येक घटनेनंतर आपण वृत्तपत्रांतून एक शब्दप्रयोग वाचतो: मुंबईचे ‘स्पिरिट’. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावू लागल्या, माणसे कामावर गेली, शहर डगमगले नाही, असे त्याचे कौतुक होते. मग ज्या दिग्दर्शकाला या शहराचे धैर्य दाखवावयाचे होते त्याने शेवटी धावणारी गाडी का दाखविली नाही? त्याने थांबलेली गाडी का निवडली? धैर्य पुन्हा चालू लागण्यात आहे की थांबण्यात?

संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाची चर्चा करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. धैर्याची बाह्य कृती धैर्य नसतानाही घडू शकते, असे ते म्हणतात. संकटाची जाणीवच नसल्यामुळे, अनुभवाने भय बोथट झाल्यामुळे, रागाच्या भरात किंवा एखादे ऐहिक नुकसान टाळण्यासाठीही मनुष्य धीट माणसासारखा वागू शकतो. हा भेद समोर ठेवून १२ जुलैच्या सकाळची लोकलगाडी पाहावी. त्या गाडीत चढलेल्यांपैकी कितीकांना घरी बसणे परवडण्यासारखे होते? रोजंदारी बुडते, हजेरी लागत नाही, मालक ऐकून घेत नाही. अशा माणसाच्या अगतिकतेला आपण ‘स्पिरिट’ म्हणून हार घालावा, हे मला काहीसे क्रूर वाटते. हार घातला की त्याच्या सुरक्षिततेची, त्याच्या जखमांची चौकशी करण्याची जबाबदारी संपते. मात्र लगेच हेही सांगतो, की लेकरांच्या पोटासाठी भीती गिळून त्याच डब्यात पाय ठेवणारा बाप ही लहान गोष्ट नव्हे. तिच्यात प्रीती आहे. ती दिसते म्हणूनच तिला एका सवंग शब्दात गुंडाळू नये असे वाटते. अक्वायनस धैर्याची प्रमुख कृती आक्रमण नव्हे तर सोसणे ही मानतात. आणि सोसणाऱ्याला आपण काय सोसतो आहोत हे ठाऊक असावे लागते.

चित्रपटातील निखिल (आर. माधवन) हा केवळ योगायोगाने त्या स्फोटातून वाचलेला सुशिक्षित नोकरदार. त्यानंतर त्याला गाडीत चढवेना. हातपाय धड आहेत, नोकरी आहे, घरात पहिल्या अपत्याची चाहूल आहे; आणि तरीही फलाटावर त्याला दरदरून घाम फुटतो. आपल्या समाजात अशा पुरुषाला ‘भित्रा’ म्हणण्याची घाई असते. चित्रपट ती घाई करीत नाही, उलट त्याच्या भयाला पुरेसा वेळ देतो. शेवटी तो पुन्हा गाडीकडे वळतो ते भय नाहीसे झाले म्हणून नव्हे.

शोकालाही असाच वेळ लागतो, आणि तो देण्याची आपली तयारी नसते. मृत्यू झालेल्या घरी जाण्याचे प्रसंग आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याला वारंवार येतात. तिथे जमलेली माणसे विधवेला काय सांगतात? “रडू नकोस, परमेश्वराची इच्छा होती.” अंत्यविधी उरकताच “आता मुलांकडे बघ” असेही सांगतात. हेतू चांगला असतो. पण लाजरसच्या कबरेजवळचा प्रभू येशू आठवावा. थोड्याच वेळात आपण याला जिवंत करणार हे त्याला ठाऊक होते; तरीही तो रडला. अश्रू हे श्रद्धेच्या अभावाचे लक्षण असते तर ते त्याच्या डोळ्यांत दिसले नसते. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आईच्या, संत मोनिकाच्या, मृत्यूविषयी लिहिले आहे. दफनाच्या वेळी त्यांनी मोठ्या कष्टाने अश्रू आवरले, स्नान केल्याने मन हलके होते असे ऐकून स्नानही करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. रात्री झोप लागली आणि जाग आल्यावर एकान्तात ते मोकळेपणी रडले. पुढे अक्वायनस यांनी दुःखावरील उपायांची चर्चा केली तेव्हा अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबरच झोप आणि स्नान यांनाही गंभीरपणे स्थान दिले. एवढा मोठा तत्त्वज्ञ अंघोळीचे महत्त्व सांगतो याची सेमिनरीत आम्हांला गंमत वाटे. आज ती वाटत नाही. शोक शरीरालाही होतो.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. बिघडले ते बोलू लागल्यावर. त्याच्या दुःखाचे स्पष्टीकरण त्यांना सापडले होते ना!

आपल्या काळात ईयोबाच्या त्या मित्रांच्या हाती मायक्रोफोन आला आहे. चित्रपटातील रूपाली जोशी (सोहा अली खान) ही दूरचित्रवाणीची वार्ताहर. लोकांना त्यांच्या दुःखाच्या क्षणी “आपल्याला कसे वाटते?” असे विचारणे हा तिच्या व्यवसायाचा भाग. त्या स्फोटात तिचा वाग्दत्त वर मरण पावतो, आणि मग तिच्याच वाहिनीचे लोक तिच्या शोकाचा कार्यक्रम करू पाहतात. दिग्दर्शक तिला दोष देत नाही, शिक्षाही करीत नाही. कॅमेऱ्याच्या मागची बाई कॅमेऱ्यासमोर आणून बसवितो, एवढेच. पाहणाऱ्या आपल्यालाही अवघडल्यासारखे होते. ते कार्यक्रम दिवाणखान्यात बसून पाहणारे आपणच की.

कॅथलिक प्रेक्षकाने अधिक रेंगाळावे असे पात्र म्हणजे थॉमस. हा दक्षिणेकडून आलेला, सायकलवरून कॉफी विकणारा गरीब माणूस (इरफान खान). बायको आणि मुलगी यांना घेऊन तो एका झगमगत्या मॉलमध्ये जातो. तिथल्या अत्तराच्या दुकानात त्यांचा अपमान होतो, त्यांना बाहेर काढले जाते. स्फोटांनंतर शहर भेदरलेले आहे हे पाहून त्याला सूडाचे सोपे साधन सापडते: मॉलमध्ये बॉम्ब असल्याचा खोटा फोन करायचा आणि श्रीमंतांची पळापळ दुरून पाहायची. पुढे अशाच एका पळापळीत एका वृद्ध गृहस्थाला हृदयविकाराचा झटका येतो आणि थॉमस हादरतो. अपमानित माणसाबद्दल आपल्याला कणव वाटत असतानाच हा माणूस भय वाटत सुटला आहे हे आपल्या ध्यानी येते. त्याच्याजवळ स्फोटके नाहीत, द्वेषाचे तत्त्वज्ञान नाही. केवळ एका नाण्याचा फोन आहे. शेवटी तो बऱ्या झालेल्या त्या वृद्धाला एक गुलाबाचे फूल देतो. फूल कशासाठी, हे त्या गृहस्थांना कळणे शक्यच नाही. दिग्दर्शकाच्या मनात संत थॉमस होता की नाही, मी सांगू शकत नाही. पण जखमेला हात लावल्यावाचून ज्याचा विश्वास बसला नाही त्या प्रेषिताचेच नाव या माणसाने धारण केले आहे. आणि पुनरुत्थित प्रभूच्या देहावर जखमा तशाच होत्या, हे शुभवर्तमान आपल्याला त्या थॉमसच्याच निमित्ताने सांगते. देवाला त्या पुसून टाकता आल्या असत्या.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. शोक करणाऱ्याला एक चेहरा हवा असतो, ज्याच्यावर बोट ठेवता येईल असा. चित्रपटातील सुरेश (के. के. मेनन) हा चेहरा शोधण्यासाठी फार लांब जात नाही, समोर दिसेल त्या मुसलमानावर त्याचा संशय स्थिरावतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा हवालदार तुकाराम पाटील (परेश रावल) त्याला आपल्या साध्या बोलीत समजावतो. (चित्रपट प्रदर्शित झाला ऑगस्ट २००८ मध्ये. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री तुकाराम नावाच्याच एका पोलिसाने, तुकाराम ओंबळे यांनी, गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवली आणि प्राण दिले. योगायोगच, पण आज तो चित्रपट पाहताना मन तिथे अडखळते.)

सुरेशची चूक सर्वांना दिसते. न्यायालयातून येणारा प्रश्न अधिक कठीण आहे. लोकलगाड्यांच्या स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. दरम्यान त्यांपैकी एक तुरुंगवासातच मरण पावला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठविले नाही. एकोणीस वर्षांनी मृतांच्या आप्तांच्या हाती काय राहिले? ज्यांच्याकडे बोट दाखवून त्यांनी आपला शोक कसाबसा सावरला होता, ते चेहरेही पुसले गेले.

आमच्या पुण्यातही याहून फार वेगळे घडले नाही. १३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा जण गेले. ज्या एका आरोपीला २०१३ साली फाशी सुनावली गेली, त्याला २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्फोटाच्या कटाच्या आरोपातून मुक्त केले. स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम राहिली.

अशा निकालानंतर “मग आमची माणसे मारली कोणी?” असा आक्रोश ऐकू येतो, आणि तो न्याय्य आहे. त्याला कोणीही, अगदी धर्मगुरूनेही, क्षमेचा उपदेश करून गप्प करू नये. ज्याने केले तो कोण हे ठाऊक नसताना क्षमा करायची तरी कोणाला? परंतु त्या आक्रोशातून “कोणीतरी फाशी जायलाच हवे होते” असे वाक्य निघू लागते तेव्हा आपण थांबले पाहिजे. निरपराध माणूस सुळावर गेल्याने मृताचे ऋण फिटत असेल, तर गुड फ्रायडेला आपण काय साजरे करतो? जमावाला शांत करण्यासाठी एकाला दिलेला देहदंड आपण वर्षानुवर्षे क्रूसाच्या वाटेवर आठवतो. म्हणून ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने खऱ्या गुन्हेगाराचा शोध अर्धवट राहणे आणि भलत्याला शिक्षा होणे ही दोन्ही मृतांची विटंबनाच होय. आणि शोक हा निकालावर टांगून ठेवता येत नाही. निकाल येवो न येवो, मृत माणूस प्रेमास पात्र होता हे तेवढेच खरे राहते. त्या दोन मिनिटांच्या मौनात कोणाच्याही नावाने शाप नाही. त्यात फक्त गेलेल्यांची आठवण आहे.

जर्मन बेकरी २०१३ साली पुन्हा उघडली. तिथे पुन्हा माणसे बसू लागली, हसू लागली. यात विस्मरण किती आणि जीवनेच्छा किती, हे बाहेरच्याने ठरविणे कठीण आहे. एकाच टेबलावर दोन्ही असू शकतील. आपल्या परंपरेने या दोहोंची सांगड घालण्यासाठी काही दिवस राखून ठेवले आहेत. सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षश्राद्धाची मिस्सा, नोव्हेंबरचा सबंध महिना. आपले हिंदू शेजारी दहावा-तेरावा पाळतात, मुसलमान शेजारी चाळिसावा करतात. यांतील कोणीही माणसाला कायमचे थांबायला सांगत नाही. तो चालत असताना ठरावीक दिवशी त्याला थोपवितात, मृताचे नाव मोठ्याने उच्चारतात, मग पुन्हा वाटेला लावतात.

२ नोव्हेंबरच्या सुमारास घरोघरचे लोक मृतांच्या नावांच्या यादीची पाकिटे वेदीजवळ आणून ठेवतात. त्या याद्यांत आईवडील असतात, आजी-आजोबा असतात, काका-मावशा असतात. यंदा एखाद्या कुटुंबाने आपल्या यादीच्या तळाशी ‘११ जुलैच्या गाडीतील’ आणि ‘जर्मन बेकरीतील’ एवढ्या दोन ओळी लिहून द्याव्यात. नावे आपल्याला ठाऊक नसली तरी चालेल.